डाऊनलोड झालं म्हणतंय, पण गेलं कुठं?

मागच्या दिवाळीत आबांनी माझा जुना लॅपटॉप घेतला. मी तसाच देत होतो, तर म्हणाले फुकट नको, पाच हजार घे आणि पावती लिहून दे. पावती! बापाला मुलानं. दिली लिहून, काय करणार, त्यांनी ती दोनदा वाचली, तारीख राहिली होती ती माझ्याकडून घालून घेतली आणि मगच लॅपटॉप उघडला.

आबा महसूल खात्यात होते, नोकरीची शेवटची बरीच वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. २०११ ला रिटायर झाले. तेव्हापासून सकाळी साताऱ्यात गोडोलीच्या तळ्यापर्यंत चक्कर, पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी कुणाच्या तरी वारसनोंदीचा अर्ज लिहून दे, असं चाललेलं. आम्ही पुण्यात. मी कॉम्प्युटरवरच पोट भरतो, पंधरा वर्षं झाली, त्यामुळे घरात कुणाचंही काही अडलं की फोन मला येतो, आणि मी वैतागून उत्तर देतो, हे पण आधीच सांगून टाकतो.

तर एका शनिवारी सकाळी फोन. "आरं, डाऊनलोड झालं म्हणतंय. पण गेलं कुठं?"

कोरेगावकडच्या आमच्या शेताचा सातबारा ते काढत होते, तो डिजिटल सहीचा मिळतो तो, एका उताऱ्याला १५ रुपये. म्हटलं आबा, डाऊनलोड्स फोल्डरमध्ये बघा. "ते कुठं असतं?" असतं तिथंच, म्हटलं मी, नेहमीच्या जागी. तर शांतपणे म्हणाले, "नेहमीच्या जागी हे उत्तर आमच्यात दिलं असतं तर मला मेमो मिळाला असता."

नंतर कळलं की पठ्ठ्यानं तोच उतारा चार वेळा काढला होता. स्क्रीनवर काही हललं नाही म्हणजे झालं नसेल असं वाटून परत पैसे भरले, परत डाऊनलोड. साठ रुपये. "तेवढ्यात अर्ध्या तिकिटात एसटीनं कोरेगावला जाऊन तलाठ्याकडनं घेऊन आलो असतो, वर चहा." यावर मी काय बोलणार. पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेलो आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

आता हे मी आजवर कितीतरी जणांना समजावलंय, मावशीला, सासऱ्यांना, सोसायटीच्या चेअरमनना, आणि दरवेळी माझी सुरुवात चुकते. मी सांगतो की इथं क्लिक करा, मग इथं. माणूस तेवढ्यापुरतं करतो आणि पुढच्या वेळी बटण दोन इंच सरकलं की संपलं. आबांना मी म्हटलं, फाईल तिकडं सरकारच्या कॉम्प्युटरवर असते, त्याला सर्व्हर म्हणतात, आपण मागितली की तिची कॉपी आपल्याकडं येते, तिकडची तिकडंच राहते. तर ते एकदम खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे नक्कल! मग तसं सांग की. अर्ज केला, नक्कल फी भरली, नक्कल हातात. अस्सल कागद रेकॉर्डलाच."

बास. एवढ्या वर्षांत डाऊनलोडचा इतका चांगला अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

मग पुढचं सोपं झालं. नक्कल हातात आली तर ती पिशवीच्या कुठल्या कप्प्यात टाकली हे माहीत पाहिजे, आणि ब्राउझरनं तो कप्पा आधीच ठरवून ठेवलेला असतो, त्याचं नाव डाऊनलोड्स. कंट्रोल दाबून इंग्रजी जे अक्षर दाबलं की आजवर काय काय उतरवलं त्याची यादी येते, आणि यादीतल्या नावाजवळ फोल्डर दाखव असं बटण असतं. हे दाखवलं तर आबा म्हणाले, ही आवक नोंदवही झाली. आणि एक भानगड तिथंच सापडली. आधी एकदा त्यांनी विजेचं बिल नुसतं उघडून वाचलं होतं, ते ब्राउझरच्या टॅबमध्येच दिसत होतं, वाचलं आणि टॅब बंद केली, आणि त्यांची समजूत अशी की ते आता आपल्याकडं आहे. नव्हतं. खिडकीवर उभं राहून रेकॉर्ड बघणं वेगळं आणि नक्कल घेऊन घरी येणं वेगळं, हे त्यांनीच मला सांगितलं, मी फक्त मान हलवली.

फाईल पूर्ण उतरली नसेल तर क्रोममध्ये तिच्या नावाला सीआरडाऊनलोड असं शेपूट दिसतं. ते शेपूट असताना उघडायला जायचं नाही. नेट मध्येच गेलं तर ते अर्धवट पिल्लू तसंच पडून राहतं आणि लोक त्याच्यावर डबल क्लिक करत बसतात.

मग त्यांनी विचारलं, "सगळं सी मध्येच का? ए आणि बी कुठंयत?" हा प्रश्न मला ऑफिसातल्या पोरांनी कधी विचारला नाही. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. पहिल्या पीसींमध्ये एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असायच्या, हार्डडिस्क नंतर आली म्हणून तिला सी मिळालं. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाईलचा एक फोटोपण जाणार नाही तिच्यात. फ्लॉप्या गेल्या, अक्षरं तशीच रिकामी राहिली. "म्हणजे पदं आहेत, भरती नाही," आबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

इथपर्यंत मी शिकवत होतो. चहा झाल्यावर गाडी उलटी फिरली.

आबांनी विचारलं, तुझे कागद तू कसे ठेवतोस ते दाखव. माझा ऑफिसचा लॅपटॉप होताच पिशवीत. उघडला. डेस्कटॉपवर वॉलपेपर दिसत नाही इतक्या फाईली. डाऊनलोड्समध्ये सहाशे आणि काहीतरी. फायनल, फायनल २, फायनल खरं, लेटेस्ट फायनल. व्हॉट्सॅपवरून आलेलं सगळं डॉक, मग आठ आकडी तारीख, मग डब्ल्यूए आणि नंबर, अशा नावाचं, त्यात इन्शुरन्स कुठला आणि पोरीच्या शाळेचं सर्क्युलर कुठलं हे उघडल्याशिवाय देवालाही कळणार नाही. आबांनी चष्मा वर केला, खाली केला. "बाळा," म्हणाले, "हे तर धुणं आहे."

खरं सांगायचं तर या बाबतीत माझा इतिहास वाईट आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट पेनड्राइव्हवर टाकून पोवई नाक्यावर प्रिंट आणि बाइंडिंगला गेलो, दुकानात रांग, माझा नंबर आला, पेनड्राइव्ह लावली, फाईल दिसतेय, उघडत नाही. दुकानदारानं साइझ दाखवली, १ केबी. मी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी करून आणला होता. कोपऱ्यात छोटा बाण असतो ना त्या चित्राला, तो बाण म्हणजे नुसती पाटी, 'घर तिकडं आहे' एवढंच सांगणारी. मी पाटी उपटून आणली होती आणि घर गोडोलीतच. सायकल मारत परत गेलो, भर मे महिन्यात.

दुसरं प्रकरण जास्त वाईट. २०१४ मध्ये लॅपटॉप स्लो झाला म्हणून एका दुकानात दिला, फॉरमॅट करायचाय का, हो म्हटलं, डी ड्राइव्हला, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या भागाला, हात लावू नका म्हटलं, महत्त्वाचं सगळं तिथंच आहे अशी माझी समजूत. आता डेस्कटॉप म्हणजे समोर दिसणारी भिंत असं आपल्याला वाटतं, पण तो खरं तर सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर असतो, यूजर्स, मग आपलं नाव, मग डेस्कटॉप. सी पुसली की भिंतीवरचं सगळं गेलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आजोबांच्या मोडी कागदांचे मी एक अख्खी सुट्टी घालवून केलेले स्कॅन त्यात गेले. कागद आहेत अजून, घरात मोडी वाचणारं कुणी नाही ते सोडा. डी मध्ये मात्र 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'न्यू फोल्डर ३' असा जुन्या मोबाईलमधून कधीतरी ओतलेला कचरा होता, तो सहीसलामत. नशिबाचा न्याय असा असतो.

हे सगळं ऐकून आबा उठले, आत गेले आणि एक दोनशे पानी वही घेऊन आले. त्यावर पट्टीनं रकाने आखायला लागले.

ज्यांचं सरकारी कचेरीशी फार येणंजाणं नाही त्यांना सांगतो, आपल्याकडं ऑफिसात सहा गठ्ठा पद्धत म्हणून एक आहे. टेबलावरचे सगळे कागद सहाच गठ्ठ्यांत. काम चालू आहे ते, दुसऱ्याकडून उत्तराची वाट बघतोय ते, ठरावीक मुदतीनं पाठवायची असतात ती माहितीपत्रकं, कायम लागणारे आदेश, रेकॉर्डला पाठवायचं ते, आणि नष्ट करायचं ते. आणि रेकॉर्डला जाताना प्रत्येक कागदाला वर्ग पडतो. अ म्हणजे कायम. ब म्हणजे ३० वर्षं. क म्हणजे १०, क-१ म्हणजे ५, आणि ड म्हणजे एक वर्ष, की गेला. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, घरात आईचं आणि आबांचं भांडण झालं की आई म्हणायची, माझं बोलणं ह्यांच्याकडं ड वर्गात जातं. पण हे कॉम्प्युटरला लावायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

आबांनी लावलं. त्यांच्या लॅपटॉपवर त्यांनी सहा फोल्डर केले, पुढं आकडा टाकून, म्हणजे मी सांगितलं की आकडा टाकला तर ओळीनं राहतात. एका बोटानं मराठी टाईप करत, प्रलंबित लिहायला चार मिनिटं. मी म्हटलं इंग्रजीत लिहा, लवकर होईल. "मला शोधायचंय का तुला?" यावर काही बोलता येत नाही. आता मराठीत नाव दिलेलं चालतं, युनिकोडमुळे कुठल्याही कॉम्प्युटरवर ते दिसतं. आधी तसं नव्हतं, डीटीपीवाल्याकडून लग्नपत्रिकेची फाईल आणली आणि घरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की वर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसत्या चांदण्या आणि कंस. ही पण एक मोडीच झाली म्हणा.

नावावरूनच एक मजा झाली. पहिली फाईल सातबाऱ्याची. आबांनी नाव टाईप केलं ७/१२ आणि विंडोजनं ते घेतलंच नाही. तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही, प्रश्नचिन्ह नाही, चांदणी नाही, विसर्गासारखी दोन टिंबं असतात ती पण नाहीत, कारण फोल्डरचा पत्ता लिहिताना किंवा फाईल शोधताना ही चिन्हं मशीनला स्वतःला लागतात. आबांना हे भयंकर लागलं. "अख्खा महाराष्ट्र ज्या कागदावर भांडतो त्याचं नाव ह्याला चालत नाही?" शेवटी 'सातबारा' अक्षरी लिहिलं, पुढं गट नंबर, पुढं तारीख.

तारखेवरून आमचं वाजलं. ते लिहिणार १५-११-२०२४. मी म्हटलं उलटं लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावानं लावलं की आपोआप जुन्यापासून नव्यापर्यंत लागतं, नाहीतर १५ तारखेचे सगळे महिने एकत्र येतात. चाळीस वर्षांची सवय मोडायला त्यांनी अर्धा तास घेतला, पण एकदा सहा फाईली ओळीनं लागलेल्या बघितल्यावर काही बोलले नाहीत, फक्त वहीतल्या तारखापण उलट्या लिहायला लागले. एवढा एकच मुद्दा मी जिंकलो.

ड गठ्ठ्याला मात्र त्यांना रस जास्त. डिलीट केलं की रिसायकल बिनमध्ये जातं, तिथून परत आणता येतं, हे त्यांना पटलं, नष्ट करण्याआधी कुणीतरी बघून सही करतंच. पण पेनड्राइव्हवरचं उडवलं की ते बिनमध्ये न जाता थेट जातं, हे सांगितल्यावर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलं. आणि थेट जातं म्हणजेपण काय, तर बहुतेक वेळा मशीन फक्त यादीतली नोंद खोडतं आणि जागा मोकळी झाली असं धरतं, आतला मजकूर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच असतो, म्हणून चुकून काही उडालं तर त्या ड्राइव्हवर आणखी काही न टाकता गप बसायचं आणि जाणकाराला गाठायचं. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र ती जागा मागच्या मागं लवकर साफ होते, तिथं फार आशा ठेवू नये. हे मला २०१४ मध्ये कुणी सांगितलं असतं तर! मी त्या फॉरमॅट केलेल्या लॅपटॉपवर त्याच रात्री तीन पिक्चर उतरवले होते.

मध्येच त्यांच्या मोबाईलवर एक लग्नपत्रिका आली. अनोळखी नंबर, खाली फाईल. आबांचा अंगठा निघालाच होता. मी हात धरला. नावाच्या शेवटी एपीके होतं. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, एपीके कशाला असेल, एपीके म्हणजे ॲप, ते आत घेतलं की मोबाईलवरचे ओटीपीसुद्धा वाचू शकतं. आरटीओच्या चलनाच्या नावानं पण हेच फिरतंय. कॉम्प्युटरवर हेच काम ईएक्सई करतं, आणि विंडोज हे शेपूट नेहमी दाखवत नाही, त्यामुळे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असलेली फाईल नुसती बिल डॉट पीडीएफ दिसते. एक्सप्लोररच्या व्ह्यू मध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेंशन्सवर टिक करून दिली. आबा म्हणाले, "आडनाव विचारल्याशिवाय घरात घ्यायचं नाही." आता हे वाक्य तसं बरोबर नाही, मी त्यांना म्हटलंपण, पण फाईलींपुरतं सोडून दिलं.

दिवाळीनंतर माझं जाणं जरा वाढलं. एकदा माझी जुनी हार्डडिस्क त्यांना दिली, त्या वाचलेल्या डी ड्राइव्हची कॉपी होती तिच्यात. बघा वेळ जात असेल तर, म्हटलं. डिस्क एक टीबीची, लॅपटॉप दाखवतो ९३१ जीबी, त्यावरून मला फोन, की तुला दुकानदारानं मापात मारलंय. तसं नाही, कंपनी एका हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, वस्तू तेवढीच असते. पटलं का माहीत नाही. "दोन मापं ठेवली की भांडण आलंच," एवढं म्हणाले.

जानेवारीत गेलो तर वही निम्मी भरलेली. प्रत्येक फाईलला अनुक्रमांक, नाव, विषय, कुठल्या फोल्डरमध्ये, वर्ग. एकसारख्या फाईली शोधून बाजूला काढलेल्या, नावापुढं कंसात एक, कंसात दोन असणाऱ्या. माझ्या एका जुन्या कंपनीच्या ऑफर लेटरपुढं 'क-१, मुदत संपली' आणि कॉलेजच्या त्या प्रोजेक्ट रिपोर्टपुढं स्पष्ट 'ड'. मी काही बोललो नाही.

"एक फाईल उघडत नाही," म्हणाले. न्यू फोल्डर ३ मधली. शेपूट एएमआर, जुन्या मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड केला की ह्या प्रकारात व्हायचा. व्हीएलसी प्लेअर टाकून दिलं आणि लावली.

आधी खरखर. मग भांड्याचा आवाज. मग आजी.

आजी म्हणजे आबांची आई. जाऊन बारा वर्षं झाली. ओवी नाही, आशीर्वाद नाही, कुणीतरी पोरानं मोबाईलशी खेळताना बटण दाबलेलं असणार. ४७ सेकंद. "साडेतीन न्हाय, तीनच शेर घातलंय त्यानं. मी मोजलंय. त्याला म्हणावं माझ्याशी बोल... आन् हे काय लुकलुकतंय रं? ठेव ते खाली." संपलं. शेर म्हणायची ती लिटरला, शेवटपर्यंत.

आबांनी वही ओढली. अनुक्रमांक २१४. विषयात लिहिलं, आई, दुधाचा हिशेब. तारीख मी फाईलच्या प्रॉपर्टीजमधून काढायला गेलो तर ती बरोबर वाटेना, कॉपी होताना फाईल बनल्याची तारीख बदलते, मॉडिफाईडची, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख त्यातल्या त्यात खरी असते, ती सांगितली, २०१० ची होती, ती त्यांनी लिहिली, उलटी. वर्गाच्या रकान्यात पेन थोडा वेळ टेकवून धरलं आणि ब लिहिलं.

म्हटलं, आबा, अ नाही?

"ब ला तीस वर्षांनी छाननी येते. तेव्हा तू बघ." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "दुसरी नक्कल कुठं ठेवणार ते सांग आधी."

म्हटलं गूगल ड्राइव्हवर टाकतो, १५ जीबी फुकट असतं. पण तिथं जर फोल्डर जोडून ठेवला आणि इथं चुकून उडवलं तर तिथलंही उडतं, सिंक म्हणजे आरसा, बॅकअप नव्हे, म्हणून वेगळी टाकतो. एक तुमच्या पेनड्राइव्हवर. आणि एक कराडला आत्याकडं देऊन ठेवू, घराबाहेर एक प्रत असावी म्हणतात. आत्याचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली, तिची पण आईच होती ती.

मी पेनड्राइव्ह शोधायला उठलो.

"थांब जरा," आबा म्हणाले. "परत लाव. साडेतीन म्हणाली का तीन, मला नीट ऐकू आलं नाही."